लहान कॉम्प्युटर : वीज वाचते, जागा वाचते, मग जाते काय?



दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलीला कॉम्प्युटर घ्यायचा आहे, कोणता घेऊ? वीस वर्षांपूर्वी याचे उत्तर सोपे होते. दुकानदाराला बजेट सांगायचे, तो एक उभे कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जोडून द्यायचा. आता दुकानात गेले की तीन वस्तू पुढे येतात. तेच उभे कॅबिनेट, लॅपटॉप आणि तिसरा जेवणाच्या डब्याएवढा चपटा ठोकळा. त्याला मिनी पीसी म्हणतात. दुकानदार म्हणतो, "काका, हाच घ्या. वीज खात नाही, जागा खात नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ज्या वस्तूने दोन ठिकाणी वाचवले ती तिसऱ्या ठिकाणी काहीतरी मागून घेते. ते काय, हे पैसे मोजण्याआधी कळायला हवे. आपल्या घरात हा पैसा पतपेढीच्या कर्जातून, भिशीतून, नाहीतर आईच्या बचत गटातून येतो. वस्तू चुकली तर दुसरी घ्यायला पुढची तीन-चार वर्षे पैसा नसतो, आणि तोवर मुलगी पदवीधर होऊन बसलेली असते. म्हणून आज या ठोकळ्याचा जमाखर्च मांडतो.

सुरुवात विजेपासून करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. उभ्या कॅबिनेटच्या मागे जो पॉवर सप्लाय असतो, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, त्यावर ४५० वॅट असे छापलेले असते. लोक ते वाचून घाबरतात. ४५० वॅट म्हणजे सहा पंखे झाले! तसे नाही. तो आकडा जास्तीत जास्त किती देता येईल त्याचा आहे. दोनशे लिटरचे पिंप घरात आहे म्हणून आपण रोज दोनशे लिटर पाणी पीत नाही. साधे ऑफिसकामाचे कॅबिनेट टायपिंग, इंटरनेट, अभ्यासाचे व्हिडिओ अशा कामाला ४० ते ६० वॅट घेते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घातलेले असेल तर गोष्ट निराळी. मिनी पीसी त्याच कामाला १० ते १५ वॅट घेतो. मॉनिटरचे १५ ते २५ वॅट दोघांनाही सारखेच.

म्हणजे फरक पडला साधारण ४० वॅटचा. मुलगी रोज चार तास बसते असे धरा. ४० गुणिले ४ म्हणजे १६० वॅट-तास. महिन्याला ४.८ युनिट. सोपा हिशेब व्हावा म्हणून युनिटला १० रुपये धरू, तर महिन्याला वाचले ४८ रुपये, वर्षाला ५७६. आता समजा मिनी पीसी त्याच ताकदीच्या उभ्या संचापेक्षा ६,००० रुपयांनी महाग मिळतो आहे. हे ६,००० विजेतून वसूल व्हायला दहा वर्षे उलटून जातील. तोवर ती वस्तूच भंगारात गेलेली असेल.

गंमत पाहा. घरातला जुना छताचा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. फरक तोच, ४० वॅटच्या थोडा वर. पण कॉम्प्युटर चार तास चालतो आणि पंखा आपल्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्याचे पंधरा-सोळा तास. तेव्हा ज्याला खरोखर वीज वाचवायची आहे त्याने आधी पंखा बदलावा, मग कॉम्प्युटरकडे यावे. दुकानदार हे सांगणार नाही, कारण तो पंखे विकत नाही.

मग कमी वॅटचा घराला काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो बिलात दिसत नाही. तो वीज गेल्यावर दिसतो.

शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आहे, दाखले स्कॅन करून चढवायचे आहेत, आणि बाहेर पाऊस. वीज जाते. साध्या घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास, हातात पडतात त्याहून बरेच कमी. ६० वॅटचे कॅबिनेट आणि २० वॅटचा मॉनिटर यांना ती पंधरा-वीस मिनिटे पुरते. १२ वॅटचा ठोकळा आणि तोच मॉनिटर असेल तर पाऊण ते एक तास निघतो. इंटरनेटचा राउटर दहाएक वॅट घेतो, तोही त्याच यूपीएसवर लावता येतो. बॅटरी नवी असतानाचे हे आकडे. दोन-तीन वर्षांत ती उतरते, तेव्हा वेळही उतरते. तरी प्रमाण तेच राहते. ज्या गावात, ज्या वस्तीत वीज रोज जाते-येते तिथे मला विचाराल तर लहान कॉम्प्युटरचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

दुसरा गुण जागेचा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात. उभे कॅबिनेट म्हणजे एका माणसाची झोपायची जागा नसली तरी त्याच्या पायाकडची जागा नक्कीच. लहान ठोकळ्याला बहुधा एक पट्टी मिळते, तिने तो मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी बसवता येतो. म्हणजे फळीवर दिसतो फक्त मॉनिटर. उष्णतेचेही तेच. कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो तेवढी शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच सोडतो. मे महिन्यात ६० वॅटचा एक बल्ब उशाशी जळत ठेवण्यासारखे ते आहे. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला असतो, त्याला विचारा.

आवाजाबाबत मात्र दुकानदाराचे सगळेच खरे मानू नका. ठोकळ्यातला पंखा बोटाएवढा असतो. काम हलके असताना तो ऐकूही येत नाही, पण भार पडला की जोरात फिरतो आणि बारीक किरकिर करतो. मोठ्या कॅबिनेटचा मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा काढतो. काही ठोकळ्यांना पंखाच नसतो, त्यांची पत्र्याची कायाच उष्णता सोडते. ते अगदी शांत, पण उन्हाळ्यात तापले की आतली चिप स्वतःचा वेग आपोआप कमी करते. बिघडलेले काही नसते, ती स्वतःला वाचवत असते. आपल्याला मात्र वाटते की कॉम्प्युटर अडकला.

आणि इथेच या सौद्याची दुसरी बाजू सुरू होते. कमी वीज म्हणजे कमी वेग, हे कुठल्या ना कुठल्या रूपाने येतेच.

थोडा इतिहास सांगतो. २००४ साली इंटेलची पेंटियम फोर ही चिप ११५ वॅटपर्यंत पोचली होती. वेग वाढवायचा म्हणजे वीज ओतायची, असा तो काळ. पुढे लॅपटॉपच्या चिपांवरून धडा घेऊन कमी विजेत जास्त काम करण्याकडे सगळ्यांचा मोर्चा वळला. २००५ च्या जानेवारीत अ‍ॅपलने मॅक मिनी आणला, लहान डबा फॅशनमध्ये आला. २००८ मध्ये इंटेलची अ‍ॅटम चिप आली, तिच्या एका प्रकाराची मर्यादा अवघी ४ वॅट. वर्तमानपत्रांत कौतुक झाले. पण त्या अ‍ॅटमच्या सुरुवातीच्या एका बोर्डावर पंखा चिपवर नव्हताच. तो शेजारच्या जुन्या साहाय्यक चिपसेटवर बसवावा लागला होता, कारण तो चिपसेट मुख्य चिपपेक्षा कितीतरी जास्त वीज खात होता. सायबाचा पगार कमी केला आणि शिपायाचा वाढवला, तर ऑफिसचा खर्च कुठे कमी होतो? डब्यावर छापलेला वॅटचा आकडा एका चिपचा असतो. सगळ्या यंत्राचा नव्हे. हे तेव्हाही खरे होते, आजही आहे.

आज बाजारात स्वस्त मिनी पीसीत इंटेलची एन-१०० ही चिप पुष्कळ दिसते. २०२३ च्या सुरुवातीला ती आली. तिच्यावर ६ वॅट लिहिलेले आहे. पण रॅम, एसएसडी, वायफाय हे सगळे धरून भिंतीतल्या प्लगमधून असा ठोकळा निवांत असताना ६ ते १० वॅट आणि जोराचे काम करताना २० ते २५ वॅट ओढतो. तरीही ते कमीच आहे, तक्रार नाही. हिची ताकद साधारण सहाव्या पिढीच्या डेस्कटॉप आय-फाइव्हच्या आसपास भरते. टायपिंग, एक्सेल, टॅली, अभ्यासाचे व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म, एवढ्याला ती पुरून उरते. व्हिडिओ एडिटिंग, इंजिनिअरिंगचे थ्री-डी ड्रॉइंग, मोठे गेम, इथे ती दमते.

मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले जुने ठोकळेही बाजारात भरपूर येतात. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी दुकाने आहेत. या ठोकळ्यांच्या चिपच्या नंबरापुढे बहुधा इंग्रजी टी हे अक्षर असते. टी म्हणजे तीच चिप, पण विजेचा लगाम घातलेली. उदाहरणार्थ आय-फाइव्ह ८५०० ही चिप ६५ वॅटची, तिचा मूळ वेग ३ गिगाहर्ट्झ. ८५००-टी ही ३५ वॅटची, तिचा मूळ वेग २.१. थोडा वेळ लागणाऱ्या कामात दोघींत फरक कळत नाही. तासभर चालणारे जड काम दिले की कळतो. पाचशे पानांचे पुस्तक प्रिंटला लावणे हे जड काम नाही. तासाभराचा व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे हे जड काम.

जुना माल घेताना मात्र एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ साठी इंटेलची चिप आठव्या पिढीची किंवा पुढची लागते. पिढी ओळखायची कशी? नंबरात पाहा. ६५०० म्हणजे सहावी, ७५०० म्हणजे सातवी, ८५०० म्हणजे आठवी. नंबर पाच आकडी असेल, जसे १०५००, तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी. सहाव्या-सातव्या पिढीचे ठोकळे आज स्वस्त का मिळतात, ते आता लक्षात आले असेल. दुकानदार म्हणतो, "त्यात अकरा घालून देतो की!" घालून देतो, पण ती आडवाट आहे. पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला ती बंद झाली तर तो ते परत घालून द्यायला येणार नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल तर सहाव्या पिढीचा ठोकळाही उत्तम चालतो, आणि लिनक्स फुकट आहे. मराठी युनिकोड टायपिंगही त्यात व्यवस्थित होते. मात्र मुलाला शासनाच्या संगणक टायपिंगच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेची तयारी करायची असेल, घरी टॅली शिकायचे असेल किंवा डीटीपीसाठी श्रीलिपी लागणार असेल, तर विंडोजच हवे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो. तो मोबाइलवर अंगठ्याने येत नाही, कीबोर्डवर दहा बोटांनीच येतो. या एका कारणासाठी का होईना, घरात कीबोर्ड असावा असे मला वाटते.

काही मुले रास्पबेरी पायबद्दल विचारतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी पाहिलेला असतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी हा पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर बाजारात आणला, किंमत ३५ डॉलर. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे हा हेतू. वीज घेतो पाच-सात वॅट, नवा २०२३ चा पाचवा अवतार भाराखाली दहाच्या आसपास. वस्तू उत्तम. पण ३५ डॉलरला मिळत होती नुसती पाटी. तिला अडॅप्टर, मेमरी कार्ड, डबी, वायर, कीबोर्ड, माऊस, पडदा हे सगळे वेगळे घ्यायचे. पुढे पाचवा अवतार आला तोच ६० डॉलरच्या घरात, आणि २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव चढले तसा आणखी महागला. त्यावर नेहमीचे विंडोज आणि विंडोजची सॉफ्टवेअर चालत नाहीत, कारण त्याची चिप मोबाइलच्या कुळातली आहे. म्हणजे टॅली नाही, श्रीलिपी नाही. शिवाय सगळे काही मेमरी कार्डावर असते. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्ड खराब होऊन यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाने जरूर घ्यावा. त्याच्यावरच्या ४० पिनांना दिवे, मोटर, सेन्सर जोडून जे शिकता येते ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर येत नाही. पण घरातला एकमेव कॉम्प्युटर म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुरुस्ती. मला विचाराल तर खरा सौदा इथे आहे.

उभे कॅबिनेट म्हणजे सायकल. टायर गेला टायर बदला, चेन गेली चेन बदला. एसएमपीएस जळला तर गल्लीतला पोरगा तासाभरात दुसरा बसवून देतो, कुठल्याही कंपनीचा चालतो. रॅम वाढवा, हार्डडिस्क बदला, चार वर्षांनी मदरबोर्डही बदला, डबा तोच. मिनी पीसीत तसे नाही. त्याचा अडॅप्टर बाहेरचा, लॅपटॉपसारखा. त्याचे व्होल्ट आणि पिन ठरलेली. तो गेला तर जुळणारा शोधावा लागतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही कधी कधी मागवावा लागतो. व्होल्ट न बघता "बसतोय ना भोकात" म्हणून दुसरा लावला तर बोर्ड जाऊ शकतो. आणि बोर्ड गेला की बहुतेक सगळेच गेले, कारण नामांकित कंपन्यांचे सोडले तर सुटा बोर्ड मिळत नाही. नामांकितांचाही भरवसा किती? इंटेलने २०१२-१३ च्या सुमारास एनयूसी नावाचे छोटे कॉम्प्युटर काढून हा सगळा बाजार उभा केला आणि २०२३ च्या जुलैत स्वतःच त्यातून अंग काढून घेतले. पुढे ते काम असूस कंपनीने घेतले म्हणून बरे.

ठोकळ्या-ठोकळ्यांतही फरक आहे. काहींचे झाकण चार स्क्रूंवर उघडते, आत रॅमची जागा असते, एसएसडी काढता-घालता येते. काहींत रॅम बोर्डावरच कायमची सोल्डर केलेली आणि साठवणीची ६४ जीबीची चिपही तशीच. विंडोज आणि त्याची अपडेट एवढ्यातच ती ६४ जीबी भरत येते. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असा पक्का डाग दिलेला ठोकळा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. सगळ्यात कमी किमतीचा माल बहुधा हाच असतो, आणि वर्षभरात सगळ्यात महाग तोच पडतो. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि दोन्ही बदलता येण्याजोगे, यापेक्षा खाली उतरू नये. दुकानात उभे राहून झाकण उघडून दाखवायला सांगा. लाजू नका. आपण भाजी घेतानाही वांगे फिरवून बघतो.

नाव न ऐकलेल्या कंपन्यांचा आयात माल ऑनलाइन फार स्वस्त दिसतो. २०२४ साली असे उघडकीस आले होते की एका चिनी कंपनीच्या काही मिनी पीसींत कारखान्यातून आलेल्या विंडोजमध्येच पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम होते. असा ठोकळा घेतलाच तर आधी सगळे पुसून नव्याने विंडोज किंवा लिनक्स घालून घ्यावे, मगच त्यावर बँकेचे काम करावे.

"मग लॅपटॉपच का नको?" हा प्रश्न रास्त आहे. तोही कमी वीज घेतो, त्यात बॅटरी असते, यूपीएसची गरज नाही. मुलाला रोज कॉलेजला न्यावा लागत असेल तर लॅपटॉपच घ्यावा. पण एक गोष्ट मी अनेक घरांत पाहिली आहे. मोबाइल बापाबरोबर कामावर जातो. लॅपटॉप थोरल्या भावाबरोबर कॉलेजला, मित्राकडे, गावाला जातो. घरी राहते धाकटी बहीण, तिच्या हातात काहीच नसते. मॉनिटरच्या पाठीला बसवलेला ठोकळा कुठे जात नाही. तो घरातच असतो, म्हणून तिची पाळी येते. शिवाय लॅपटॉपचा पडदा फुटला की मोठा खर्च, कॉम्प्युटरचा कीबोर्ड मोडला की तीन-चारशे रुपयांत नवा.

काही जण पैसे वाचवायला ठोकळा घरच्या टीव्हीला जोडतात. एचडीएमआय वायरने तो जोडला जातोही. पण साध्या ३२ इंची टीव्हीवर अक्षरे फुटतात, एक्सेलचे आकडे वाचताना डोळे दुखतात. आणि संध्याकाळी आठ वाजता टीव्ही कोणाच्या ताब्यात असतो, हे मी सांगायला नको. जुना १९ इंची मॉनिटर सेकंडहँड घ्या. घेताना त्याच्या मागे कोणते भोक आहे ते बघा. निळे व्हीजीए असेल आणि ठोकळ्याला फक्त एचडीएमआय असेल तर मधे एक कन्व्हर्टर लागतो, तो त्याच दुकानातून त्याच वेळी लावून, चालवून घ्या.

मग घ्यावा काय? मुलीला टायपिंग, टॅली, फॉर्म, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास एवढेच करायचे आहे, घर लहान आहे, वीज जाते-येते, तर मी आठव्या पिढीचा किंवा पुढचा, नामांकित कंपनीचा, ऑफिसातून निघालेला ठोकळा पक्क्या बिलावर आणि निदान सहा महिन्यांच्या लेखी वॉरंटीवर घेईन. नवा एन-१०० वाला घेतला तरी वाईट नाही, झाकण उघडत असेल तर. मुलगा अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ, आर्किटेक्चर शिकणार असेल तर विजेचा विचार बाजूला ठेवून उभे कॅबिनेटच घ्यावे. पुढे त्यात ग्राफिक्स कार्ड घालता येते, ठोकळ्यात ते घालायला जागाच नाही. आणि ज्यांच्या गावात दुरुस्तीवाला एकच आहे आणि त्याला फक्त कॅबिनेट येते, त्यांनीही कॅबिनेटच घ्यावे. आपल्या माणसाला जे उघडता येते तेच आपल्या कामाचे.

विहाराच्या अभ्यासिकेचा हिशेब मात्र घरापेक्षा वेगळा निघतो, म्हणून तो स्वतंत्र सांगतो. सहा कॉम्प्युटर, सकाळी आठ ते रात्री आठ. तोच ४० वॅटचा फरक, गुणिले ६, गुणिले १२ तास. रोजचे २.८८ युनिट, महिन्याचे ८६ च्या वर. त्याच १० रुपयांच्या भावाने महिन्याला साडेआठशेच्या पुढे, वर्षाला दहा हजारांच्या पुढे. प्रत्येकी ६,००० जास्त मोजले, म्हणजे ३६,००० घातले, तरी साडेतीन वर्षांत वसूल. शिवाय मीटर घरगुती असेल तर १०० युनिटचा, ३०० युनिटचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटचा भाव चढतो. हे ८६ युनिट नेमके वरच्या टप्प्यात पडले तर वसुली आणखी लवकर होते. एका इन्व्हर्टरवर सहाही ठोकळे चालू शकतात, सहा कॅबिनेट चालवायला बॅटरीचा खर्च दुप्पट होईल. तिथे लहान कॉम्प्युटरच घ्यावेत. सहाही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्यावेत, म्हणजे एक जादा अडॅप्टर आणून ठेवला की कुणाचाही अडॅप्टर गेला तरी काम थांबत नाही, आणि एक ठोकळा पुरता गेला तर त्याची रॅम, एसएसडी दुसऱ्याला लागते.

रात्री मुख्य बटण बंद करायची जबाबदारी एका नावावर लिहून ठेवा. आणि हो, जे पिशवीत घालून आणता येते ते पिशवीत घालून नेताही येते. बहुतेक ठोकळ्यांच्या मागे कुलपाच्या वायरसाठी एक छोटी खाच असते. ती वायर घ्या, सहाही ठोकळे टेबलाला बांधा, आणि त्यांच्या तळाला छापलेले नंबर बिलासोबत नोंदवहीत उतरवून ठेवा.